समुद्रावरची पंगत

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका शिक्षक मित्राने निवृत्तीच्या पैशातून मुंबई–गोवा क्रूझची दोन तिकिटे काढली. त्याचा जन्म पैठण तालुक्यातला, नोकरी सगळी मराठवाड्यात झालेली. गोदावरीच्या पुराखेरीज एवढे पाणी त्याने पाहिलेले नाही. मी जुने कागद वाचत बसतो म्हणून जगातले सगळेच मला ठाऊक असणार, असा त्याचा समज आहे. तो विचारायला आला. "पोहता येत नाही याची भीती नाही," तो म्हणाला, "पण जेवायला अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतात म्हणे. त्यांच्याशी बोलायचं काय?" वहिनींचा प्रश्न निराळा होता. "आमच्या जेवणाचं काय? शेजारच्या ताटात काय असेल कोण जाणे. आणि साडीवर गेलं तर चालेल ना?"

मी हसलो. पण ते गेल्यावर लक्षात आले की हे प्रश्न नवे नाहीत. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत पहिल्यांदा बोटीवर चढलेल्या माणसांनी हेच विचारले होते. जहाज बुडेल का, हे त्यांनी फारसे विचारलेले दिसत नाही. जहाजावर आपण कोणाशेजारी बसणार, काय खाणार, आपल्याशी कोण बोलणार, याचीच त्यांना धास्ती होती. त्या धास्तीचा माग काढता काढता मी आपल्याच शहराच्या वेशीपाशी येऊन पोचलो. ती हकीकत इथे मांडतो.

पाणी की पंगत?

समुद्रपर्यटनाला आपल्या धर्मग्रंथांची मनाई होती, हे आपण शाळेपासून ऐकतो. बौधायन धर्मसूत्रात पतन घडवणाऱ्या कृत्यांमध्ये समुद्रप्रवास आहे, हे खरे. पण नंतरच्या निबंधकारांनी कलियुगात वर्ज्य म्हणून ज्या गोष्टींची यादी केली, तिच्यातली भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. समुद्रावर जाऊन आलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले, तरी त्याला परत आपल्यात घेऊ नये, असा तिचा रोख आहे. तो माणूस शुद्ध होऊ शकतो. त्याच्याबरोबर व्यवहार मात्र ठेवायचा नाही. म्हणजे खरा पेच परतल्यावरचा. हा पंधरा-वीस दिवस कुणाच्या हातचे खाऊन आला? आता तो आपल्या पंगतीत बसला तर आपण सगळेच त्या अनोळखी पंगतीत बसल्यासारखे होणार. ही भीती पाण्याची नव्हती, पानाची होती.

याचा पुरावा समुद्रापासून लांब, पुण्यात सापडतो. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित पुणेकर एका कार्यक्रमाला गेले. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसती समोर ठेवून घेतली. ती नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि शहर हादरले. शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशी बसली. टिळक आणि रानडे दोघेही त्या यादीत होते, आणि दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. यांपैकी कुणीही त्या दिवशी समुद्र ओलांडला नव्हता. ओलांडला होता तो एक कप.

हा बनाव घडवून आणणारे गृहस्थ म्हणजे गोपाळराव जोशी. सात वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या अठरा वर्षांच्या पत्नीला, आनंदीबाईंना, वैद्यकी शिकायला अमेरिकेला धाडले होते. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. पती बरोबर नाही, सोबत मिशनरी बायकांची. निघण्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जे भाषण केले, त्यात जातबहिष्काराचा प्रश्नही त्यांनी स्वतःच उभा केला आणि स्वतःच उत्तर दिले: मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. या वाक्याला आज आपण बाणेदार म्हणतो. पण सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासात रोज तीन वेळा जेवणाची घंटा वाजणार होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वाक्यामागे केवढी रोजची कसरत होती ते कळते.

घंटा, काटे आणि चमचे

त्या काळच्या मोठ्या आगबोटीवर दिवस कसा जात असे, हे आधी सांगितले पाहिजे. सलूनच्या, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला जेवणघरात एक जागा ठरवून मिळे. ती प्रवास संपेपर्यंत त्याची. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, हे आपण निवडायचे नाही. दुपारी डेकवर खुर्च्या मांडून वाचन, गप्पा, पत्रलेखन. प्रवासी आपल्यातूनच एक समिती निवडत आणि तिच्यामार्फत डेकवरचे खेळ, गाण्याची रात्र, वेष घेऊन नाचण्याची रात्र ठरे. रविवारी प्रार्थना. एडनला, सुवेझला बोट थांबली की किनाऱ्यावर फेरफटका. थोडक्यात, आजच्या क्रूझच्या जाहिरातीत जे असते त्यातले बरेचसे तेव्हाही होते. फरक एवढाच की तेव्हा कुणी मौजेसाठी चढत नसे. कामासाठी निघालेल्या माणसांनी लांबलेले दिवस ढकलण्यासाठी काढलेल्या त्या युक्त्या होत्या.

या जगात ४ सप्टेंबर १८८८ रोजी अठरा वर्षांचे मोहनदास गांधी मुंबईहून चढले. निघण्याआधी मुंबईत जातीची सभा भरून त्यांना वाळीत टाकले गेले होते. जो कुणी त्यांना निरोप द्यायला गोदीवर जाईल त्याला सव्वा रुपया दंड, असाही हुकूम निघाला होता. आत्मकथेत त्यांनी पुढची हकीकत मोकळेपणाने सांगितली आहे. इंग्रजी बोलायची सवय नाही, काट्या-चमच्याने खाता येत नाही, कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचे धैर्य नाही. म्हणून ते टेबलावर जातच नसत. घरून आणलेली मिठाई आणि फळे केबिनमध्ये बसून खात. त्याच केबिनमध्ये जुनागडचे एक वकील, त्र्यंबकराय मजमुदार होते. ते सर्वांत मिसळत आणि या मुलालाही मिसळायला सांगत. पण हा डेकवर जाई तो माणसे कमी असतील तेव्हाच. एका इंग्रज प्रवाशाने आपणहून बोलणे काढले, टेबलावर येण्याचा आग्रह केला. बिस्केच्या उपसागरात थंडी लागली की मांस खावेच लागेल, असेही बजावले. गांधींनी सल्ला घेतला नाही, पण तो माणूस त्यांच्या लक्षात राहिला.

१८ वर्षांनी, ९ जून १९०६ रोजी, 'पर्शिया' बोटीवरून सावरकर निघाले. त्यांचा स्वभाव नेमका उलट. हरनामसिंग नावाचा एक शीख तरुण त्यांच्याबरोबर होता. घरच्या आठवणीने तो इतका व्याकूळ झाला की एडनहूनच परत फिरायचे म्हणू लागला. सावरकरांनी त्याची समजूत घालून त्याला पुढे नेले. दोन्ही प्रसंगांत मला एक साम्य दिसते. पहिल्या चार-पाच दिवसांत नवख्या प्रवाशाचे काय होणार, हे त्याच्या शेजारच्या माणसावर ठरते. केबिनचा साथी मजमुदारांसारखा असला तर दार उघडे राहते; उघड्या दारातून बाहेर पडायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

सलूनमधल्या मराठी माणसाला आणखी एक ओळख अनपेक्षितपणे भेटे: जहाजावरचे कामगार. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवरचे खलाशी आणि त्यांचे सारंग पुष्कळदा रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान असत, आणि जेवणघरातले वाढपी गोव्याचे. टेबलावर इंग्रजीने जीभ आखडलेली, आणि कठड्यापाशी दोरखंड गुंडाळणारा माणूस मात्र आपल्या बोलीतला! पण त्याच्याशी टेबलावर बसून बोलता येत नसे. त्याची पंगत खाली, निराळी.

डेकवरचे शेजारी

हे झाले सलूनचे. आमच्या शहरातून समुद्रावर जी माणसे गेली, ती बहुतेक सलूनमध्ये नव्हती. ती डेकवर होती.

आमचे छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद, समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तरी त्याचे समुद्राशी नाते जन्मापासूनचे. १६१० मध्ये खडकी गाव राजधानीसाठी वसवणारा मलिक अंबर हा हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि समुद्र ओलांडून दख्खनेत आलेला. खाम नदीच्या काठी जुन्या शहराचा जो मकाई दरवाजा आहे, त्याचे नाव म्हणजे मक्का दरवाजाच. मोगलांच्या काळात इथले यात्रेकरू सुरतेला जाऊन गलबत धरीत. सुरतेला मक्केचे दार म्हणत. पुढे मुंबईचे बंदर वाढले. १९०० च्या सुमारास निजामाच्या रेल्वेची मनमाडला जोडणारी गाडी सुरू झाली आणि रस्ता ठरून गेला: छोट्या रुळांच्या गाडीने मनमाड, तिथे गाडी बदलून मुंबई, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग बोट. ही वाहतूक प्रामुख्याने ज्या कंपनीकडे होती ती १८७७ मध्ये स्थापन झाली आणि मोगल लाइन या नावाने ओळखली गेली. स्वातंत्र्यानंतर ती सरकारकडे आली आणि १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली.

शहागंजात घड्याळे दुरुस्त करणारे एक वृद्ध चाचा मला पंचवीस वर्षांपासून ओळखतात. १९८० च्या दशकात ते बोटीने हजला गेले होते. त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर अजून ती पत्र्याची ट्रंक आहे. पांढऱ्या रंगात नाव आणि गाव लिहिलेली. मित्राच्या प्रश्नानंतर मी मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसलो आणि विचारले, "बोटीवर माणसं बोलायची का हो एकमेकांशी?"

"पहिले तीन दिवस कोण बोलणार?" ते म्हणाले. "सगळे उलट्या करत पडलेले. माझं डोकं एका बिहारी शेतकऱ्याने धरलं होतं. त्याची बोली मला निम्मी कळायची, माझी दखनी त्याला निम्मी. पण ओकताना भाषा लागत नाही."

डेकवर प्रत्येकाच्या वाट्याला वळकटी पसरण्याएवढी जागा. बायाबापड्यांसाठी चादरी बांधून आडोसे केलेले. आधीच्या काळी डेकच्या यात्रेकरूंना शिधा बरोबर न्यावा लागे आणि स्वतः रांधावे लागे; चाचांच्या वेळी जेवण बोटीतूनच मिळे. त्यावरून भांडणे होत. केरळच्या लोकांना भात पुरत नसे, उत्तरेकडच्यांना रोटी. आमटी कुणाला तिखट, कुणाला पाणचट. चौथ्या दिवशी चाचांचा धंदा उघडा पडला. बोट पश्चिमेला जाते तशी जहाजावरची घड्याळे मागे करत जातात; मुंबई आणि जेद्दा यांच्या वेळेत अडीच तासांचा फरक. लोकांना वाटे आपलेच घड्याळ बिघडले. जो तो घड्याळ घेऊन त्यांच्याकडे. "घड्याळ बरोबर आहे, आपण सरकलोय, हे सांगून सांगून मी साऱ्या डेकच्या ओळखीचा झालो," ते म्हणाले. किब्ल्याची दिशाही प्रवासात फिरत जाई. मुंबईहून निघताना ती पुढे, पश्चिमेला. तांबड्या समुद्रात बोट वर चढू लागली की उजवीकडे वळू लागे. रोज नमाजाला सगळ्या रांगा थोड्या थोड्या कलत.

डेकवर समता होती, असे मी म्हणणार नाही. वर केबिनवाले होते, खाली डेकवाले होते, आणि जिन्यावर ते अंतर रोज दिसे. पण एक दिवस असा येई की ते पुसले जाई. यलमलमच्या डोंगराच्या समांतर बोट आली की हिंदुस्थानातून येणाऱ्या यात्रेकरूंनी इहराम बांधायचा. पुरुषांसाठी न शिवलेली दोन पांढरी वस्त्रे, बस्स. कारखानदार कोण, शेतमजूर कोण, कळायचे कशावरून? चाचा म्हणाले, "त्या दिवशी पहिल्या वर्गाचा एक शेठ माझ्या शेजारी येऊन बसला आणि मी त्याला ओळखलंच नाही. घड्याळ दाखवलं तेव्हा ओळखलं. घड्याळ भारी होतं."

बिहारच्या त्या शेतकऱ्याची पत्रे पुढे बारा-तेरा वर्षे येत राहिली. मग थांबली.

१९९५ मध्ये मुंबई–जेद्दा बोट बंद झाली. सव्वादोन हजार सागरी मैलांचे अंतर आता विमानाने काही तासांत संपते. मधली काही वर्षे तर आमच्या चिकलठाण्याहूनच हजची विमाने सुटली. त्रास वाचला, वेळ वाचला, म्हाताऱ्यांचे हाल संपले. याबद्दल कुणी हळहळू नये. चाचाही हळहळत नाहीत. पण विमानात शेजाऱ्याचे डोके कुणी धरत नाही, आणि बारा वर्षे पत्र लिहावे असे कुणी भेटत नाही.

हौदापाशी

इथपर्यंत लिहून मी थांबणार होतो. समुद्राने माणसे जवळ आणली, असा गोड शेवट करून लेख पुरा झाला असता. पण आमच्या शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आत दौलताबादचा किल्ला आहे, आणि तो मला तसे करू देत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बोटीने निघाले आणि जुलैत न्यूयॉर्कला पोचले. जहाजावरची जागा तिकिटावर ठरत होती, जातीवर नाही. पैशाची आणि कातडीच्या रंगाची उतरंड तिथेही होतीच. पण जन्माने ठरलेली पंगत गोदीवर मागे राहिली होती. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत त्यांनी म्हटले आहे की परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. १९१७ मध्ये ते समुद्रमार्गे परतले. नोकरीसाठी बडोद्याला उतरल्यावर राहायला जागा मिळेना. पारशांच्या एका मुक्कामाच्या जागी नाव लपवून राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी येऊन बाहेर काढले. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता. दोघांनीही अडचण सांगितली. रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. महासागर ओलांडताना झोपायला जागा मिळाली होती. बडोद्यात मिळाली नाही.

त्यानंतर तिन्ही गोलमेज परिषदांना ते गेले. १९३४ पर्यंत हा माणूस किती वेळा समुद्र ओलांडून किती टेबलांवर बसला असेल, याचा हिशेब करा. त्या वर्षी कार्यकर्त्यांबरोबर ते वेरूळची लेणी पाहायला आमच्या भागात आले. वाटेत दौलताबादला थांबले. रमजानचा महिना होता. प्रवासाने तोंडे धुळीने माखलेली. किल्ल्याच्या दारापाशी पाण्याने काठोकाठ भरलेला छोटा हौद होता. काहींनी त्यात हातपाय-तोंड धुतले. किल्ल्यात शिरत असतानाच एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान ओरडत धावत आला: यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत शस्त्रधारी शिपाई देऊन, त्यांना किल्ला पाहू दिला गेला. हिंदूंना जो अस्पृश्य तो मुसलमानांनाही अस्पृश्यच, असा निष्कर्ष त्यांनी या प्रसंगावरून लिहून ठेवला आहे. पारशी आणि ख्रिस्ती यांचा अनुभव त्यांनी आधी घेतलेलाच होता.

त्या हौदापाशी ओरडणारा म्हातारा कधी हजला गेला होता का, डेकवर अनोळखी माणसाच्या शेजारी झोपला होता का, कोण सांगणार? गेला असला, तरी जहाजावर जे शिकला ते त्याने गोदीवरच सोडले असणार. एकट्या त्याला दोष देऊन काय उपयोग? सलूनमधून परतलेले किती तरी मराठी सज्जन घरी येताच पंचगव्य घेऊन पुन्हा जुन्याच पंगतीला बसले. जहाजावरची ओळख टिकते की नाही, हे जहाजावर ठरत नाही. ते उतरल्यावर ठरते.

बाबासाहेबांनी मात्र उलटे केले. ज्या भागात त्यांना पाण्याला शिवू दिले नाही, तिथेच त्यांनी १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले तिथे पहिल्यांदा एका वर्गात शेजारी शेजारी बसली. मकाई दरवाजापासून नागसेनवन फार लांब नाही. मी अनेकदा संध्याकाळी त्या बाजूला फिरायला जातो.

मित्राची बोट डिसेंबरात आहे. मी त्याला सांगितले ते असे. जेवणाची काळजी करू नका. आज क्रूझवर शाकाहारीच काय, जैन जेवणही मिळते. साडीवर खुशाल जा. पहिला दिवस पोटात कालवेल, गोळी घेऊन ठेवा. संध्याकाळी गाणी असतील, खेळ असतील, जमले तर भाग घ्या, नाही तर कठड्याशी उभे राहा. तिथेही माणसे भेटतात. आणि टेबलावर अनोळखी माणसे आली तर टेबल बदलून मागू नका.

"आणि बोलायचं काय?" त्याने पुन्हा विचारलेच.

"घड्याळात किती वाजले ते विचार," मी म्हणालो. "आणि नाव-गाव-पत्ता लिहून आण. परत आल्यावर एक पत्र टाक."